फेर्मोच्या पाठमोऱ्या खुणा

फेर्मो माझ्या दुकानात पुढच्या दाराने कधी आला नाही. पुढच्या दारावर घंटी आहे, पायपुसणं आहे, 'या' अशी पाटी आहे. ही सगळी सोय बाकीच्या जगासाठी. हा येतो मागून, लाकडं रचलेल्या बोळातून, आणि मी वळून बघते तर गल्ल्यापाशी उभा. "ओनोरिना, खमीर," म्हणतो. दचकून माझ्या हातून किती बरण्या फुटल्या ते मलाच ठाऊक. एकदा चिडून मागच्या दाराला कुलूप घातलं, तर खिडकीतून आला.

चर्चमध्येही तो पाद्रीबाबांच्या खोलीतून शिरतो. त्याच्या आईच्या अंत्ययात्रेत आम्ही सगळे पेटीमागे रस्त्याने चाललो होतो आणि हा पोटचा मुलगा कुठे दिसेना. बायका कुजबुजायला लागल्या. दफनभूमीत पोचलो, तर हा खड्ड्याशी टोपी काढून आधीच हजर. "रस्त्याने लांब पडतं," एवढंच म्हणाला आणि मग ढसाढसा रडला.

हे लाजणं नव्हे. हे त्याचं शिक्षण. तो तरुण होता तेव्हा आमच्या कासेल्ला गावात पुरुषांना दोनच धंदे होते, गाई आणि कॉफी. गाई आपल्या उतारावर, कॉफी पलीकडच्या, म्हणजे स्वित्झर्लंडात. मध्ये खिंड, आणि खिंडीत सरहद्द. पलीकडे कॉफी स्वस्त, इकडे सरकारने तिच्यावर कर बसवलेला. तेव्हा रात्री पोतं पाठीला बांधायचं, आवाज नको म्हणून पायांत गोणपाटाचे जोडे चढवायचे आणि खिंडीतून खाली उतरायचं. जकातवाले आडवे आले तर पोतं टाकून पळायचं. पोतं त्यांचं, माणूस आपला, असा दोन्ही बाजूंनी पाळलेला रिवाज होता. यात पाप आहे असं कोणाला वाटत नसे. पाद्रीबाबा तीच कॉफी पिऊन पापावर प्रवचन द्यायचे.

फेर्मोने एकही पोतं टाकलं नाही. त्याचा त्याला अजून अभिमान आहे, आणि त्या दिवसांच्या सवयीही अजून आहेत. ताज्या बर्फावर तो आजही उलटा चालतो, म्हणजे मागावर येणाऱ्याला दिशा कळू नये. गेल्या नाताळात तो असाच उलटा माझ्याकडे खमीर न्यायला आला आणि परत जाताना दगडी कठड्यावरून गेला. सकाळी गावाने बर्फात बघितलं, तर माझ्या मागच्या दारातून निघून फेर्मोच्या घरी गेलेली पावलं, आणि परत आलेली नाहीत. मी विधवा बाई. पुढे आठवडाभर लोक माझ्याकडे बघून ज्या पद्धतीने पाव मागत होते, ते मी विसरलेले नाही.

आता नुन्झियो. हा दक्षिणेकडचा, पुलियातल्या समुद्रकाठचा. जकातखात्यात हवालदार म्हणून त्याला आमच्याकडे धाडलं तेव्हा त्याने बर्फ पाहिलेलंच नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं ते फेर्मोच्या मागे धावताना, आणि तेही कमरेपर्यंत आत जाऊन. तो हिवाळाभर फेर्मोच्या मागावर होता. दर वेळी काळ्या खडकापर्यंत फेर्मो पुढे दिसायचा, आणि काळ्या खडकाला वळसा घातला की नाहीसा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला ओढ्याची घळ, मध्ये खच्चरांची जुनी वाट, आणि त्या वाटेवर नुन्झियोचे दोन शिपाई उभे. तरी फेर्मो नाही. नुन्झियोला साधं एक पोतंसुद्धा मिळालं नाही आणि त्याची बढती तिथेच अडकली. पुढे त्याने गावातल्याच देल्फीनाशी लग्न केलं, इथेच राहिला, इथेच निवृत्त झाला.

आमच्या खोऱ्यात म्हातारा असो की पोर, सगळ्यांना अरे-तुरे. अहो-जाहो फक्त पाहुण्यांना. त्यामुळे चोर आणि पोलीस हे दोघं गेली पन्नास वर्षं दर रविवारी माझ्या दुकानात पत्ते खेळतात आणि एकमेकांना काय वाटेल ते बोलतात. पानं वाटता वाटता नुन्झियो विचारतो, "फेर्मो, त्या हिवाळ्यात काळ्या खडकापासून तू कुठे जायचास रे?"

फेर्मो पानं लावत म्हणतो, "घरी."

"कुठून?"

"वाटेने. टाक पान."

पन्नास वर्षं हेच. आणि गंमत अशी की उत्तर गावातल्या सगळ्या जुन्या माणसांना माहीत आहे. काळ्या खडकाच्या मागे कड्याच्या पोटाशी एक वाट आहे. वरून कडा पुढे आलेला, त्यामुळे तिथे ना बर्फ कोसळतं ना दगड. ती रानातून उतरते आणि कडा आणि घळ यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एक घर आडवं उभं आहे, त्या घराच्या गवताच्या माळ्यात शिरते. घर डोंगराला टेकलेलं, त्यामुळे माळ्याचं दार मागच्या उतारावरच उघडतं. माळ्याच्या जमिनीत झडप, झडपेखाली गोठा. पोतं झडपेतून खाली, गोठ्यातून खताच्या गाडीत, आणि गाडी राजरोस पुढच्या दारातून नुन्झियोच्या शिपायांना रामराम करत गावात.

ते घर देल्फीनाच्या बापाचं. आणि त्या हिवाळ्यात हवालदारसाहेब पाठलाग नसेल त्या प्रत्येक संध्याकाळी त्याच घरच्या स्वयंपाकघरात चुलीशी बसून देल्फीनाच्या हातची कॉफी पीत होते. डोक्यावर फेर्मो पोतं घेऊन चाललाय, खाली हे साखर ढवळतायत. लग्नानंतर नुन्झियो त्याच घरात राहायला गेला, तरी त्याला पत्ता लागला नाही, कारण सुक्या गवताशी त्याचं वैर आहे. माळ्याचं दार नुसतं उघडलं तरी त्याला शिंका सुटतात त्या तासभर थांबत नाहीत. पन्नास वर्षांत त्या शिडीवर त्याने पाय ठेवलेला नाही. आणि बाकी सगळ्या गावाने तोंडात मिठाची गुळणी धरलेली. चोरीसाठी नव्हे, चोरी केव्हाच संपली. पण मुलीने आपल्याला आवडीने बसवून घेतलं की पोत्यांसाठी, हा प्रश्न कोणत्या नवऱ्याला पडावा असं आम्हाला वाटत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी खिंडीतलं विश्रामघर फेर्मोच्या भाचीने, मिरेल्लाने, चालवायला घेतलं. फेर्मोला बायको नाही, पोर नाही, आहे ती एवढी मिरेल्ला. उन्हाळ्यात डोंगर चढून येणाऱ्या भटक्यांना ती सूप, मक्याच्या पिठाचा पोलेंता आणि झोपायला फळी देते, आणि त्यांच्या मोज्यांच्या वासात आनंदाने राहते. अशी माणसं आमच्यात आता उरली नाहीत. तिच्या वयाचे सगळे खाली शहरात किंवा पलीकडच्या हॉटेलांत चादरी बदलायला गेले. विश्रामघर आलं म्हणून वाटांची समिती आली, आणि समिती आली म्हणून अध्यक्ष नुन्झियो झाला. कारण पिवळं चमकणारं जाकीट आणि शिट्टी त्याच्याकडे आधीपासूनच होती. चिटणीस मी, कारण बैठका माझ्याच दुकानात होतात आणि मला पळून जाता येत नाही. दगडांवर लाल-पांढऱ्या खुणा रंगवायचं काम अर्थातच फेर्मोला दिलं.

आठ दिवसांत डबे संपवून तो परत आला. "झालं," म्हणाला. दुसऱ्याच दिवशी वर चढायला निघालेलं एक जर्मन जोडपं संध्याकाळी पाद्रीबाबांच्या भाजीच्या वाफ्यात सापडलं. तिसऱ्या दिवशी चार डच लोक जिथून निघाले तिथेच परत आले आणि खिंडीत पोचलो म्हणून माझ्या दारात एकमेकांचे फोटो काढायला लागले. नुन्झियो जाकीट चढवून पाहणीला गेला, सोबत मी. वाटेभर एक खूण दिसेना.

"रंग विकून खाल्लास काय रे?" नुन्झियो ओरडला.

"सगळीकडे आहेत खुणा," फेर्मो म्हणाला.

"कुठे?"

फेर्मोने त्याला दगडाच्या मागे नेलं. दगडाच्या मागच्या अंगाला, वरून उतरणाऱ्याला दिसेल अशी, काय सुरेख खूण! कडा सरळ, कुठे ओघळ नाही. पुढच्या दगडालाही तशीच. झाडांना बुंध्याशी, नेच्याच्या आड, पण सगळ्या डोंगराच्या बाजूने. आयुष्यभर हा माणूस पोतं घेऊन वरून खाली आला होता. वाट म्हणजे खिंडीतून गावाकडे, यापलीकडे त्याच्या डोक्यात काही नव्हतं. आणि खालून वर कोण चढतं? जकातवाले.

"अरे, खालून येणाऱ्याला दिसायला नको?" मी म्हटलं.

फेर्मोने माझ्याकडे मी वेडी असल्यासारखं बघितलं. "त्याला दिसली तर मग खूण कसली?"

नुन्झियोने त्याला सगळ्या वाटेवर पुढच्या बाजूनेही रंगवायला लावलं. फेर्मोने ते केलं, पण तोंड असं करून, जणू त्याला चौकात कपडे उतरवायला सांगितलेत.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण या वसंतात बर्फ वितळताना काळ्या खडकाखालचा सगळा उतार खाली आला आणि खच्चरांची वाट पुसून गेली. आमच्याकडे रिवाज आहे की वाट मोडली तर घरटी एक माणूस कुदळ घेऊन निघतो आणि वाट नीट करूनच सगळे एकत्र जेवतात. तसे आम्ही निघालो. पोचलो तर वरून अजून दगड सुटत होते. तासभर आम्ही नुसते कुदळीवर हात ठेवून उभे राहिलो आणि मग न जेवता परत आलो. असं माझ्या आठवणीत कधी झालं नव्हतं.

त्यातच विश्रामघर ज्याच्या मालकीचं त्या गिर्यारोहण मंडळाचं पत्र आलं. जूनमध्ये त्यांचा माणूस पाहणीला येणार. गावातून विश्रामघरापर्यंत सुरक्षित, खुणा केलेली वाट असेल तर विश्रामघर मिरेल्लाकडे राहील, नसेल तर दाराला फळ्या ठोकणार. मिरेल्ला दुकानात येऊन फेर्मोसमोर बसली.

"मामा, दुसरी वाट नाहीच का?"

"नाही."

"तू नाही म्हणतोयस म्हणजे नसेल. मग मी पलीकडे हॉटेलात कामाला लागते. जूनपासून बोलावलंय त्यांनी." तिच्या आवाजात रागही नव्हता, त्यामुळे ऐकवेना.

फेर्मो मागच्या दाराने निघून गेला. जाताना दाराची चौकट त्याच्या खांद्याला लागली. या माणसाला कशाचा धक्का लागलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

दोन दिवसांनी देल्फीना मैदा घ्यायला आली आणि त्याच वेळी मागून फेर्मो उगवला. ही भेट ठरलेली होती हे मला न सांगता कळलं. देल्फीना सत्तरीची, ठेंगणी, आणि जिच्याशी कोणी वाद घालत नाही अशी बाई.

"वाट तुझ्या माळ्यातून जाते, त्याला मी काय करू?" फेर्मो म्हणाला. "वळसा घालायला जागा नाही. एकीकडे कडा, एकीकडे घळ."

"मला भूगोल शिकवू नकोस. माझं घर आहे ते."

"त्याला कळेल."

"कळेलच. डोळे आहेत त्याला." ती थोडा वेळ मैद्याच्या पिशवीचं तोंड उगाच पिळत बसली. "तू रंगवून घे. मी सांगते त्याला."

"कधी?"

"पाहणीच्या आधी. आणि मी सांगेन तेव्हा तुम्ही दोघं समोर हवे आहात. लोक समोर असले की तो भांडी आपटत नाही."

फेर्मोने रंगवलं. यावेळीही पाठमोऱ्या खुणाच केल्या, पण या खेपेला मुद्दाम. देल्फीनाने सांगेपर्यंत खालून बघणाऱ्या नुन्झियोला काही दिसायला नको, पुढची बाजू मागाहून करू, असा हिशेब. काळ्या खडकापासून रानातून माळ्याच्या दारापर्यंत त्याने खुणा केल्या. अर्धी वाट त्याला जमत नाही, म्हणून माळ्याच्या तुळईवर एक केली आणि झडपेवर एक. मंडळाचा माणूस सोमवारी गावातून वर चढणार होता. देल्फीनाने आम्हाला शनिवारी जेवायला बोलावलं.

कुट्टूच्या पिठाच्या उकडलेल्या पट्ट्या, कोबी, बटाटा आणि वर चीज, असं ताट होतं. आम्ही तिघं काट्याने कोबी इकडून तिकडे करत बसलो. एकटा नुन्झियो पोटभर जेवला आणि पाहणीच्या दिवशी आपण शिट्टी केव्हा केव्हा वाजवणार ते सांगत राहिला. जेवणं झाली. देल्फीनाने कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं, हात पुसले आणि नवऱ्यासमोर बसली.

"नुन्झियो," ती म्हणाली, "मला तुला एक सांगायचंय."

शेजारच्या जुन्या गोठ्यात धप्प आवाज झाला.

तिथे आता देल्फीनाचे ससे असतात. आम्ही धावलो. झडप उघडी, खाली गवताच्या ढिगात एक जाडगेला शहरी माणूस बसलेला, पाठीवर पिशवी, दोन्ही हातांत काठ्या, कानात गवत. नुन्झियोच्या अंगात पन्नास वर्षांपूर्वीचा हवालदार शिरला. त्याने एक शिंक गिळली, छाती काढली आणि गर्जना केली, "थांब! हात वर!"

त्या माणसाने काठ्यांसकट हात वर केले. त्याच क्षणी झडपेतून मिरेल्ला त्याच्या अंगावर पडली.

"ओनोरिना, तू कशी इथे?" ती मला म्हणाली. जणू मीच छतातून आले होते.

तो माणूस मंडळाचाच निघाला. गालिंबेर्ती नाव. सुट्टी जोडून पलीकडच्या बाजूने खिंड चढला होता, रात्री विश्रामघरात राहिला आणि सकाळी मिरेल्लाला घेऊन नव्या खुणा दिसल्या त्यांच्यामागे उतरला. फेर्मोच्या हिशेबात हे नव्हतंच. वरून पोत्याशिवायही कोणी येऊ शकतं, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

"वा!" गालिंबेर्ती हात खाली करत म्हणाले. "इतक्या वर्षांत अशा खुणा पाहिल्या नाहीत. काळ्या खडकापासून इथवर एकदाही थांबून विचार करावा लागला नाही. शेवटी जरा आश्चर्य वाटलं, पण खुणेवर विश्वास ठेवायचा ही आमच्या मंडळाची शिकवण."

"काळ्या खडकापासून?" नुन्झियोने विचारलं.

नुन्झियोने झडपेकडे बघितलं. तिच्यावर लाल-पांढरी खूण होती. मग फेर्मोच्या नखांकडे. तिथेही लाल-पांढरं होतं. मग त्याने खिशातून रुमाल काढला, नाकाला लावला आणि शिडी चढायला लागला.

"नुन्झियो, गवत आहे वर," देल्फीना म्हणाली.

तो थांबला नाही. माळ्यावर पहिली शिंक ऐकू आली. मग मागचं दार करकरलं. मग रानातून शिंका, एकीमागून एक, वरवर जात लहान होत गेल्या. मी कॉफी, कप, तिपाई आणि खुर्च्या गोठ्यातच आणल्या आणि गालिंबेर्तींना कॉफी दिली. त्यांनी मिरेल्लाला हळूच सांगितलं की वाट उत्तम आहे, पण घरातून जाते, तेव्हा घरमालकाचा होकार लागेल. मिरेल्लाने मामाकडे बघितलं. फेर्मो भिंतीकडे तोंड करून सशांना कोबी भरवत होता.

बऱ्याच वेळाने शिंका परत मोठ्या होत आल्या. नुन्झियो झडपेतूनच उतरला. डोळे लाल, केसांत गवत. खुर्चीवर बसला.

"तू इथून जायचास," तो फेर्मोला म्हणाला.

"हो."

"मी खाली असताना?"

"तू खाली असलास की निर्धास्त जायचो. दुसरीकडे कुठे असलास तर भीती."

नुन्झियो बायकोकडे वळला. त्याला विचारायचं होतं ते विचारता येईना. शेवटी तो गालिंबेर्तींनाच म्हणाला, "ही वाट होणार नाही. या घरातून नाही. पन्नास वर्षं मला वाटत होतं की या घरी मी पाहुणा म्हणून आलो. मला इथे बांधून ठेवलं होतं."

मिरेल्लाने मान खाली घातली. देल्फीनाने भांड्यातली कॉफी ओतली आणि कप नवऱ्यासमोर ठेवला. त्याने तो सरकवला. तिने परत ठेवला.

"बांधूनच ठेवलं होतं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? बाबा म्हणाले, हवालदार आला की उठू द्यायचा नाही. पहिला हिवाळा मी तुला पोत्यांसाठी बसवलं. तू समुद्राच्या गोष्टी सांगायचास आणि मी वरच्या पावलांकडे कान लावून बसायचे. गोष्टी धड ऐकताही यायच्या नाहीत मला."

"आणि दुसरा हिवाळा?" नुन्झियोने विचारलं. त्याचा आवाज एकदम लहान झाला.

"दुसऱ्या हिवाळ्यात वरून कोणी जात नव्हतं, नुन्झियो. मी बाबांना सांगितलं की हवालदाराला माळ्यामागे पावलं दिसलीत. बाबा घाबरले, त्यांनी माळा बंद केला. तुला काही दिसलं नव्हतं. तुला कधीच काही दिसत नाही. मला गोष्टी नीट ऐकायच्या होत्या."

नुन्झियोचा हात कपाकडे गेला आणि तिथेच राहिला. मला हुंदका आला, सांगायला लाज कसली. पण रडू येण्याआधीच कोपऱ्यात बादली आदळली.

"काय?" फेर्मो ओरडला. मी त्याला ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "पावलं दिसली नव्हती? दुसरा अख्खा हिवाळा मी घळीतून आलो! पाण्यातून! पोतं गळ्याशी धरून! या पायाचं बोट गेलं माझं, गारठून! तुझ्या बापाने मला शपथेवर सांगितलं, पावलं दिसलीत म्हणून!"

"बाबांना मीच सांगितलं होतं."

"समुद्राच्या गोष्टींसाठी?"

"हो."

"याच्या?"

"याच्याच."

फेर्मो धापा टाकत नुन्झियोकडे बघत राहिला. नुन्झियोच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरायला लागलं. "बोट गेलं?" त्याने विचारलं. "कुठलं? दाखव."

"नाही दाखवत."

"दाखव रे! माझ्यामुळे गेलं ते!" आणि नुन्झियो हसायला लागला. हसता हसता शिंकायला लागला, शिंकता शिंकता रडायला. "एक पोतं नाही मिळालं, पण बोट मिळालं!" मग त्याने समोरची कॉफी एका घोटात संपवली आणि कप देल्फीनापुढे केला. तिने तो भरला. दोघांनी एकमेकांकडे असं काही बघितलं की गालिंबेर्ती सशांची चौकशी करायला लागले.

होकार नुन्झियोने दिला, पण अटीवर. खालून चढणाऱ्यांसाठीच्या खुणा तो स्वतः रंगवणार, फेर्मोवर त्याचा भरवसा नाही. आता त्या वाटेवर प्रत्येक दगडाला दोन खुणा आहेत. वरून येणाऱ्याला दिसते ती फेर्मोची, रेघ मारावी तशी सरळ. खालून जाणाऱ्याला दिसते ती हवालदाराची, वाकडी आणि जरा जास्तच मोठी. दोघं एकाच दगडाच्या दोन बाजूंना बसून रंगवायचे आणि दगडावरून एकमेकांना शिव्या द्यायचे. मिरेल्लाचं विश्रामघर उन्हाळाभर भरलेलं असतं. उतरणारे भटके झडपेतून गवतात पडतात, नुन्झियो तोंडाला फडकं बांधून खाली खुर्ची टाकून बसतो आणि विचारतो, "पोत्यात काय आहे?" मग देल्फीना त्यांना कॉफी देते.

परवा रविवारी माझ्याकडे पत्ते पडले होते. पानं वाटता वाटता नुन्झियोच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "फेर्मो, त्या हिवाळ्यात काळ्या खडकापासून तू..." आणि तो थांबला. ओशाळून पानं पिसायला लागला.

फेर्मोने आपली पानं खाली ठेवली.

"विचार की," तो म्हणाला. "अर्धवट का सोडतोस?"

"कुठे जायचास?"

"तुझ्या घरी," फेर्मो म्हणाला. "टाक पान."